दर्याला बांध नाही, म्हणून लूट माफ आहे काय?



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत कापसाचा भाव, पीकविम्याचे दावे आणि ज्वारीची खरेदी हे नेहमीचे विषय आहेतच. त्यांच्याखाली आम्ही या वेळी एक विषय जादा घातला आहे : कोकण किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांच्या मागण्यांना पाठिंबा. विषयपत्रिका गावोगाव पोचली आणि लगेच विचारणा सुरू झाली. कळमनुरीकडच्या एका जुन्या कार्यकर्त्याने तर तोंडावरच सांगितले, "आपली कयाधू उन्हाळ्यात कोरडी पडते, आणि तुम्ही आम्हाला समुद्र सांगता?"

प्रश्न रास्त आहे. हिंगोलीपासून समुद्र चारशे किलोमीटरच्या वर. आपल्यातल्या कित्येकांनी तो पाहिलेलाही नाही. मग जिल्ह्याच्या बैठकीत त्याच्यावर वेळ का घालवायचा? त्याचे उत्तर तोंडी दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून हे पान. बैठकीला येण्याआधी वाचावे. पटले तर हात वर करावा, नाही पटले तर उभे राहून बोलावे.

सुकटीच्या पुडीतला समुद्र

आपल्या आठवडी बाजारात कोपऱ्यात पोते पसरून सुकट आणि बोंबील विकणारी बाई बसते. खुरपणीच्या दिवसांत, घरात भाजीला काही नसताना, मूठभर सुकट तव्यावर परतली की ज्वारीची भाकरी खाली उतरते. मटणाला पैसे नसलेल्या घरात अंगाला लागेल असे जे थोडेफार पोटात जाते, त्यात या पुडीचा वाटा आहे. ही सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. पालघर, मुंबई, रायगडच्या किनाऱ्यावर डोल नावाची जाळी भरतीओहोटीच्या धारेत बांधून ठेवतात, त्यात तो सापडतो. बोंबीलही त्याच जाळ्यात येतो आणि बांबूच्या मांडवावर वाळतो. वाळवणारी आणि विकणारी कोळ्याच्या घरची बाई. तिच्या हातचा माल आपल्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या येतो आहे. मधे चार व्यापारी आहेत म्हणून तिची आपली ओळख नाही, एवढेच.

ती आपल्यासारखीच आहे. माल काढेपर्यंत सगळी जोखीम तिच्या घराची, आणि माल निघाला की भाव दुसऱ्याचा. पाऊसपाण्यावर आपले पोट, वाऱ्यापाण्यावर तिचे. आपल्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आणि सावकार, तिच्या डोक्यावर होडीचे कर्ज आणि मासळीवर आधीच उचल दिलेला व्यापारी. फरक एकच आहे. आपल्या शेताला बांध आहे, सातबारा आहे. तिच्या समुद्राला दोन्ही नाहीत. सगळी गोम या एका फरकात आहे.

हुरड्यातच शेत संपवले तर खळ्यावर काय येणार?

आम्ही कृषी पदवी घेतली तेव्हा आम्हाला उत्पादन वाढवणे शिकवले गेले. किती काढायचे आणि किती ठेवायचे हे शिकवणारा तास आठवत नाही. ते आमच्या आजीला ठाऊक होते. बियाण्याच्या ज्वारीची कणसे ती वेगळी बांधून आढ्याला टांगायची. दुष्काळात घरातले सगळे धान्य संपले तरी त्या जुडीला हात लागत नसे. ती जुडी दळली तर आजचे पोट भरते आणि पुढचे वर्ष मरते, हे सांगायला विद्यापीठ लागत नाही.

समुद्रातही हाच हिशेब आहे. मासा फुकट आहे, त्याला पेरावे लागत नाही, खत घालावे लागत नाही. पण त्याला एकदा तरी अंडी घालू द्यावी लागतात. अंडी घालण्याआधीच पकडलेला मासा म्हणजे बियाण्याची दळलेली ज्वारी. हातभर वाढणारी सुरमई वीतभर असताना उचलली, पापलेट तळहाताएवढे व्हायच्या आत उचलले, तर तो हुरडा झाला. हुरडा गोड लागतो. एक वाफा हुरड्याला द्यायला कुणाची ना नाही. पण सगळे शेत हुरड्यातच खाल्ले तर खळ्यावर काय येणार?

सरकारला हे कळत नाही असे नाही. २०२३ साली महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्यमासा ठरवले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही असा नियम केला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा पुष्कळ जातींच्या विणीचा काळ. कोळी समाज तर कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नसे. राज्यमासा ठरवला, आकार ठरवला, बंदी ठरवली. मग बिघडले कुठे?

जाळ्यांचा हिशेब

ते समजायला जाळी समजून घ्यावी लागतात. डोल एका जागी बांधलेली असते, धार जे आणून देईल ते घेते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण लावतात : होडीतून जाळे अर्धगोल टाकायचे आणि किनाऱ्यावरून पन्नासएक माणसांनी दोन्ही टोके ओढायची, निघेल त्याचे वाटे करायचे. इर्जिकीसारखी पद्धत. या दोन्हींत मासा जाळ्यापर्यंत यावा लागतो. जो येत नाही तो वाचतो, वाढतो, अंडी घालतो.

ट्रॉलरची गोष्ट वेगळी. तो पिशवीसारखे जाळे समुद्राच्या तळावरून इंजिनच्या जोरावर फरफटत नेतो. रोटाव्हेटर फिरवल्यासारखा तळ ढवळून निघतो आणि कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात शंभर जातींची पिल्ले येतात. ती ताटात जात नाहीत. पुष्कळशी वाळवून, दळून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जातात. उद्याचे पापलेट आज भुकटीच्या भावाने विकले जाते.

पर्ससीन त्याच्याही पुढे. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरून जाळ्याची भिंत उभी करते आणि खालची दोरी ओढून घेते, बटव्याची नाडी ओढावी तशी. थवाच्या थवा आत. त्यात भर म्हणून जनरेटरवर एलईडीचे प्रखर दिवे लावून काळोख्या रात्री दूरदूरचा मासा उजेडाकडे ओढून आणायचा. जे रापणीच्या वाट्याला आठवडाभरात आले असते ते एका रात्रीत एका बोटीवर चढते.

ही यंत्रे कोळ्यांनी मागितली नव्हती. १९५३ साली केरळात नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला, त्यातून ट्रॉलिंग आले. कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि सरकारने कर्जे, अनुदाने देऊन यांत्रिक बोटी वाढवल्या. पहिल्या वर्षांत ज्याने बोट घेतली त्याचे भले झाले, जसे आपल्याकडे पहिल्या बोअरवाल्याचे झाले. मग सगळ्यांनी घेतली. बोटी वाढल्या, मासा तेवढाच. प्रत्येक बोटीच्या वाट्याला कमी येऊ लागले. कमी येते म्हणून मोठे इंजिन, मोठे इंजिन म्हणून मोठे कर्ज, कर्ज फेडायचे म्हणून आणखी बारीक भोकांचे जाळे. शेजाऱ्याने तीनशे फूट मारला म्हणून आपण चारशे मारायचा, हे चक्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लहान मच्छीमारही धुतल्या तांदळासारखा नाही. जवळा पकडायचा तर डोलीच्या टोकाची भोके बारीकच ठेवावी लागतात, आणि त्यात बोंबलाची, पापलेटची पिल्ले सापडतात. काही पारंपरिक मच्छीमारांनीही पुढे लहान पर्ससीन घेतली. आम्ही कुणाला देव करून बसवत नाही. पण कुणाचा हात किती लांब पोचतो हे पाहूनच कुणाला आधी आवरायचे ते ठरते.

कॅनडाने काय गमावले

‘समुद्र एवढा मोठा, तो काय संपणार?’ असे म्हणणाऱ्यांनी कॅनडाचा न्यूफाउंडलंड हा मुलूख आठवावा. तिथला कॉड मासा चारशे-पाचशे वर्षे युरोपला पोसत होता. मोठमोठी ट्रॉलर जहाजे आली. पुढे परदेशी जहाजांना हाकलून कॅनडाने स्वतःची उतरवली. किनाऱ्यालगतचे लहान मच्छीमार १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते की मासा लहान होत चालला आहे, कमी होत चालला आहे. सरकारी शास्त्रज्ञांचे अंदाज मात्र भरघोस होते, कारण मोठ्या जहाजांची पकड चांगली दिसत होती. मासा कमी झाला तरी उरलेला जिथे गोळा होतो तिथे जाऊन ती जाळे टाकत होती. पोत्यातले धान्य संपत आले तरी तळाशी हात घातला की मूठ भरतेच!

२ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडची मासेमारी बंद केली. दोन वर्षांसाठी म्हणून केलेली ती बंदी बत्तीस वर्षे चालली, २०२४ साली उठली, तीही मोजक्या पकडीपुरती. बंदी आली तेव्हा तीस हजारांवर माणसे एका फटक्यात बेकार झाली. आम्ही शेतीशास्त्र शिकलेले आहोत म्हणून हे मुद्दाम लिहितो : त्या वेळी चुकले ते शास्त्रज्ञ, आणि बरोबर निघाले ते होडीवाले.

आपल्या किनाऱ्याकडे वळू. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे महाराष्ट्रात २०१८ साली २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली होती, २०१९ साली ती २ लाख १ हजार टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळे झाली, बोटींचे दिवस बुडाले, हे खरे आहे. समुद्राचे पाणी तापते आहे, खाड्यांत कारखान्यांचे सांडपाणी सुटते आहे, हेही खरे आहे. सगळा दोष जाळ्यांवर टाकणे हा खोटेपणा होईल. पण ज्या रानात दुष्काळ पडला आहे त्या रानात गुरे दुप्पट सोडायची नसतात. वादळे आपल्या हातात नाहीत, जाळी आहेत.

कायदा आहे, राखण नाही

कायद्यांची कमतरता नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला : पर्ससीनला राज्याच्या हद्दीत फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मुभा आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने आपल्या हद्दीत एलईडी मासेमारीला आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या बुल ट्रॉलिंगला बंदी घातली. २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, एलईडीवाल्याला पाच ते वीस लाखांपर्यंत दंड ठेवला आणि निवाड्याचे काम तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याकडे दिले. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने आपल्या हद्दीसाठी नवी नियमावली काढली, तिच्यातही एलईडीला मनाई आहे.

एवढे सगळे असताना मालवणपासून पालघरपर्यंत लहान मच्छीमारांना मोर्चे का काढावे लागतात? कारण नियम कागदावर आहे आणि राखण नाही. लांबच लांब किनारा, गस्तीच्या नौका मोजक्या. शिवाय १२ मैलांची पळवाट. बोट आत सापडली तर मालक म्हणतो, मी बाहेर जाऊन मासा धरला, आता परत निघालो आहे. रात्रीच्या अंधारात समुद्रावर रेघ कोण दाखवणार? वाळूचा हायवा रात्री दोन वाजता नदीतून निघतो आणि सकाळी सगळा गाव, तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत, ‘आम्ही झोपलो होतो’ म्हणतो. समुद्रावरची झोप याच जातीची आहे.

आणि या अर्धवट राखणीचा परिणाम काय होतो? जो नियम पाळतो तो मरतो. रापणवाला पावसाळ्यात थांबतो, विणीचा मासा जाऊ देतो. त्याने सोडलेला मासा आठ दिवसांनी एलईडीच्या उजेडात दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. दोन वर्षे असे झाले की त्याचा पोरगा विचारतो, "बाबा, आपणच का थांबायचे?" या प्रश्नाला उत्तर न देणारा कायदा प्रामाणिक माणसाला चोर बनवतो. बळी तो कान पिळी, आणि कायदा त्या बळीच्या पाठीशी.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, विमा, वीजदर यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळणार म्हणून पेढे वाटले गेले. मच्छीमार भावांना आमचे एवढेच सांगणे की शेतकऱ्याचा दर्जा मिळाला म्हणजे काय मिळाले ते एकदा आम्हाला येऊन विचारा. स्वस्त कर्ज जरूर घ्या, पण मासाच उरला नाही तर ते फेडायचे कशातून? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

सरासरीची जुनी लबाडी

आता दुसऱ्या बाजूचे सगळ्यात मजबूत म्हणणे ऐका. त्याच केंद्रीय संस्थेने २०२२ साली देशभरातल्या माशांच्या १३५ साठ्यांची तपासणी केली आणि त्यातले ९१.१ टक्के ठीक असल्याचे सांगितले. मोठ्या बोटींचे मालक हा आकडा नाचवतात : मासा भरपूर आहे, ओरड राजकीय आहे.

आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हा आकडा कशाचा आणि त्याने कशाचे उत्तर मिळते ते आपण पाहू. आपल्याला पैसेवारीचा अनुभव आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकात सरासरी पाऊस पडला म्हणून कागदावर पीक पन्नास पैशांच्या वर जाते, आणि तुमच्या शिवारात फुलोऱ्यात महिनाभर थेंब नसतो. तो कागद तुमच्या पराटीला बोंड लावत नाही. देशभरातले साठे ठीक असले म्हणजे देवगडच्या रापणीत बांगडा आला असा अर्थ होत नाही. मासा किती शिल्लक आहे हा एक प्रश्न, आणि तो कुणाच्या जाळ्यात जातो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा झाकायचा, ही सरासरीची जुनी लबाडी आहे. शिवाय मासा आज ठीक असेल तर राखण करायची वेळ हीच. न्यूफाउंडलंडने ती संपल्यावर केली.

‘मोकळीक’ कुणाला?

आमच्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. ते म्हणतात, आपण जन्मभर सरकारला सांगत आलो की आमच्या मालावरची बंधने काढा, निर्यातबंदी उठवा, आम्हाला मोकळे सोडा. मग दर्यावर बंधने घाला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

उत्तर कापसात आहे. बीटी कापूस २००२ साली आला. पाकिटात बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमची साध्या कापसाची वेगळी पुडी असायची, शेताच्या कडेने लावायला. ती कशासाठी? साध्या कापसावर जगलेली अळी आणि बीटीला पचवणारी अळी यांचा संकर व्हावा आणि बीटी पचवण्याची अळीची ताकद वाढू नये म्हणून. आपण काय केले? ती पुडी बांधावर फेकून दिली. दोन ओळी साध्या लावून आपलेच नुकसान कशाला, शेजारी लावेल की! शेजाऱ्यानेही तेच म्हटले. डिसेंबरअखेर पराटी उपटा, फरदड ठेवू नका, असे कृषी सहायक सांगत होता. आपण ओलिताला दोन क्विंटल जादा निघतील म्हणून मार्चपर्यंत फरदड ठेवली आणि गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत सांभाळले. २०१७ साली तिने मराठवाड्याचा, विदर्भाचा कापूस खाल्ला. ज्याने पुडी लावली होती त्याचाही खाल्ला.

बंदीकाळ म्हणजे समुद्राची ‘फरदड मोडा’. किमान आकार म्हणजे समुद्राची ती १२० ग्रॅमची पुडी. स्वतःच्या शेतात काय पेरायचे, कुठे विकायचे याची मोकळीक हा आपला हक्कच आहे आणि त्यासाठी आपण भांडत राहू. पण जे सगळ्यांचे आहे ते एकट्याने उपसण्याची मोकळीक ही मोकळीक नव्हे, ती लूट आहे.

आणि मोठी बोट बाजाराच्या नियमाने मोठी झाली असेही कुणी समजू नये. तिला सरकारांनी मोठे केले. २०१८ साली जगभरात मासेमारीवर सुमारे ३५ अब्ज डॉलर अनुदान दिले गेले असा अभ्यासकांचा हिशेब आहे, आणि त्यातला मोठा भाग इंधनासारख्या, उपसा वाढवणाऱ्या गोष्टींवर गेला. दूरदेशी जहाजे पाठवणारी श्रीमंत राष्ट्रे यात पुढे. जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला, तो १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि उपसून संपत आलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान द्यायचे नाही असे तो म्हणतो. त्या वाटाघाटीत भारताची भूमिका अशी होती की दूर समुद्रात जहाजे पाठवणाऱ्यांनी आधी पंचवीस वर्षे अनुदान थांबवावे आणि गरीब देशांच्या मच्छीमारांना तेवढी सवड द्यावी. बरोबर आहे. मात्र जिनिव्हात लहान मच्छीमाराच्या नावाने भांडायचे आणि घरच्या किनाऱ्यावर त्याला एलईडीच्या तोंडी द्यायचे, हा दुटप्पीपणा चालणार नाही.

आपला बोअर किती फूट?

दुसऱ्याच्या समुद्रावर बोलताना आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याप्रमाणे ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या खाली विहीर-बोअर घ्यायला बंदी आहे. भर बैठकीत विचारले तर किती हात वर होतील? पाचशे, सहाशे फूट ही आता आपल्याकडे फुशारकी राहिलेली नाही, नाइलाज झाला आहे. खडकाखालच्या पाण्यालाही बांध नसतो. ज्याची मोटार मोठी त्याचे पाणी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वीस हाताच्या विहिरीला गाळ उरतो, आणि तिच्या शेजारी हळदीला धो धो पाणी चालू असते. रापणवाल्याचे दुःख ज्याला कळत नसेल त्याने त्या विहिरीच्या काठावर एक संध्याकाळ बसावे.

म्हणूनच हा विषय विषयपत्रिकेत आहे. समुद्र, भूजल, गायरान, नदीतली वाळू या सगळ्यांत एकच झगडा चालू आहे : जे सर्वांचे आहे ते वापरायचा नियम कोण करणार आणि पाळतो आहे की नाही हे कोण पाहणार. तो नियम मोठी मोटार आणि मोठी बोट असलेल्यांनी केला तर कोरडवाहू माणूस दोन्हीकडे मरतो.

लढून मिळत नाही असेही नाही. गोव्याच्या रापणकारांनी १९७० च्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीनविरुद्ध चळवळ उभी केली आणि किनाऱ्यालगतचा पट्टा राखून घेणारा कायदा १९८० साली पदरात पाडून घेतला. १९९१ साली केंद्राने खोल समुद्र परदेशी भागीदारीच्या जहाजांना उघडा केला, तेव्हा देशभरच्या मच्छीमारांनी, लहान आणि यांत्रिक दोघांनी मिळून, १९९४ साली बंद पाळले. मुरारी समिती नेमावी लागली, तिने १९९६ साली ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

बैठकीपुढचा ठराव

तर बैठकीपुढे पुढील ठराव ठेवला जाईल :

१) पर्ससीनवरचे २०१६ चे बंधन आणि एलईडीवरची बंदी यांची पूर्ण अंमलबजावणी व्हावी. बेकायदा जाळे आणि दिव्यांचा जनरेटर जागेवर जप्त व्हावा. निव्वळ दंड भरून बोट पुन्हा समुद्रात जाऊ नये.

२) किमान आकाराची तपासणी बंदरावर, लिलावाच्या जागी व्हावी आणि पिल्ले विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यावर व भुकटीच्या कारखान्यावरही कारवाई व्हावी. एकट्या खलाशाला धरून भागणार नाही.

३) बंदीच्या काळात घरी बसणाऱ्या मच्छीमार कुटुंबाला त्या दोन महिन्यांचे पोट भरेल एवढी रक्कम वेळेवर मिळावी. बियाणे राखणाऱ्याला उपाशी ठेवून बियाणे राहत नसते.

४) गस्तीत आणि नियम ठरवण्यात गावोगावच्या मच्छीमार संस्थांना, त्यातही मासळी वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायांना, जागा मिळावी.

५) आणि हा मुद्दा आपल्यासाठी. प्रत्येक गाव शाखेने आपल्या शिवारातल्या विहिरी-बोअरची खोली आणि उन्हाळ्यातले पाणी यांची यादी पुढच्या बैठकीपर्यंत करावी. सरकारने करायची वाट पाहू नये.

पाचव्या मुद्द्याला विरोध होईल हे आम्हाला ठाऊक आहे. विरोध करणाऱ्यांनी जरूर यावे, त्यांना बोलायला पुरेसा वेळ दिला जाईल. येताना फक्त आपल्या बोअरची खोली एका चिठ्ठीवर लिहून आणावी.